सक्ती कोणावर?

बडोदे शहराच्या दक्षिण अंगाचे मांजलपूर आज इमारतींनी आणि शाळांच्या पाट्यांनी गजबजलेले उपनगर असले, तरी गायकवाडी अमदानीत ते शहराबाहेरचे खेडे होते. आणि अमरेली महालात १८९३ पासून अजमावलेली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात जारी केली, तेव्हा अशा खेड्यांतील पोरेसोरेही सरकारी दप्तरात विद्यार्थी म्हणून गणली जाऊ लागली. गैरहजेरीबद्दल दंड होई तो पालकाला. मूल शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याची तजवीज अशी चोख झाली. परंतु उंबरठ्याच्या आत त्याला कसे वागवावे, हा प्रश्न मात्र जुन्याच रिवाजावर सोडला गेला.

तो रिवाज, देशावरचा पंतोजी असो की गुजरातेतला मेहताजी, सारखाच होता. पडवीत मुले ओळीने बसत, धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, एका सुरात पाढे म्हणत. जो चुके वा चुळबुळ करी त्याला अंगठे धरून ओणवे उभे राहावे लागे, कोंबडा व्हावे लागे, नाहीतर छडी खावी लागे. त्यात क्रौर्य होतेच. पण सात वर्षांच्या मुलाच्या हातांना काही उद्योग दिला नाही, तर त्याला स्थिर बसविण्यास भीतीवाचून दुसरे साधन उरत नाही, ही गोष्टही त्या व्यवस्थेने नकळत सिद्ध केली.

याचे उत्तर बडोद्यापासून फार दूर नसलेल्या भावनगरात सापडले. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले आणि माँटेसोरीबाईंची पद्धत गुजराती मातीत रुजविली. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. या पद्धतीतला शांततेचा खेळ पाहण्याजोगा असतो : खोलीत किंचित अंधार केला जातो, मुले डोळे मिटून निश्चल बसतात, आणि बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव इतक्या हळू आवाजात उच्चारतात की कान टवकारल्यावाचून ते ऐकूच येऊ नये, नाव ऐकलेले मूल चवड्यांवर चालत, खुर्चीलाही धक्का न लावता, त्यांच्याकडे जाते. छडीला जी शांतता दरडावून मिळवावी लागे, ती येथे मुले हौसेने निर्माण करतात.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस, आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, हा विचार आणखी पुढे नेला. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांच्या बापांकडून दंड वसूल करण्याचा विचार न करता त्या दोघींनी शाळाच कुरणात नेली.

या दृष्टीने पाहता २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा हा सयाजीरावांच्या कायद्याचा नुसता विस्तार नव्हे. ‘सक्तीचे’ या शब्दाचा अर्थ त्यात सरकारवरील बंधन असा सांगितला आहे, आणि सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. मांजलपूरच्या शाळेत आज दंगा करणाऱ्या मुलापुढे शिक्षकाचा हात आवरून धरणारी सक्ती ही अशी शतकभराच्या वाटचालीने आलेली आहे. मात्र त्या रिकाम्या हातात खेळ, गाणे आणि उद्योग ठेवण्याचे काम कोणताही कायदा करीत नाही, ते ज्याचे त्यालाच शिकावे लागते.