नियमाची पुनरावृत्ती : व्याकरण, गणित आणि संगणकशास्त्र

प्रस्तावना

शके ११२७ (इ. स. १२०५) मध्ये, कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज राज्य करीत असताना, आजुरिका म्हणजे आजचे आजरा येथील जिनालयात सोमदेवाने ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा जैनेंद्र व्याकरणपरंपरेतील टीकाग्रंथ रचला. सूत्रबद्ध व्याकरणाच्या अभ्यासकांसमोर एक प्रश्न नेहमीच उभा राहतो : नियमाने जे साधावयाचे ते आधीच साधलेले असेल, तर नियम तेथे लागू होतो काय? आधुनिक काळात ‘आयडेम्पोटन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणधर्माशी या प्रश्नाचे जवळचे नाते आहे. ते कोठपर्यंत पोहोचते, याचा येथे विचार केला आहे.

गणित व संगणक

एखादी क्रिया एकदा केली किंवा अनेकदा केली तरी फल तेच राहते, तेव्हा ती क्रिया आयडेम्पोटंट ठरते. ० आणि १ यांचा कितीही वेळा वर्ग केला तरी त्या संख्या बदलत नाहीत. जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप देताना ‘क्ष चा वर्ग म्हणजे क्षच’ हा नियम मांडला. विद्यार्थ्यांमधून कोल्हापूरचे विद्यार्थी निवडले आणि त्यांतून पुन्हा कोल्हापूरचेच निवडले, तर समूह तोच राहतो. बेंजामिन पीअर्स यांनी १८७० मध्ये ‘तोच’ व ‘समर्थ’ या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून या गुणधर्माला नाव दिले.

संगणकाच्या जाळ्यात संदेश पाठविल्यावर उत्तर आले नाही, तर काम झाले की नाही हे पाठविणाऱ्यास कळत नाही; त्याला संदेश पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून १९९९ च्या एचटीटीपी मानकात कोणत्या विनंत्या आयडेम्पोटंट असाव्यात हे स्पष्ट केले गेले. ‘पत्ता कोल्हापूर असा नोंदवा’ ही आज्ञा दोनदा पोहोचली तरी हानी नाही; ‘खात्यातून १०० रुपये वजा करा’ ही मात्र दोनदा पोहोचली तर अनर्थ होतो. दुसऱ्या प्रकारच्या आज्ञेस स्वतंत्र क्रमांक देऊन ती एकदाच अमलात येईल अशी व्यवस्था करावी लागते.

व्याकरणातील विचार

पतंजलीच्या महाभाष्यात या संदर्भात दोन दृष्टान्त येतात. अग्नी न जळलेले तेवढेच जाळतो. पाऊस मात्र रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही ठिकाणी पडतो. नियम पावसाप्रमाणे मानला, तर स्वर दीर्घ करण्याचा नियम आधीच दीर्घ असलेल्या स्वरालाही लागू होतो. स्वर दीर्घच राहतो आणि ‘दीर्घ स्वर वगळून’ असा अपवाद सांगावा लागत नाही. नागेशभट्टाच्या ‘परिभाषेंदुशेखरा’त हा पर्जन्याचा न्याय परिभाषा म्हणून येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना या ग्रंथाचे संपादन व भाषांतर करणाऱ्या फ्रांझ कीलहॉर्न यांनीच पुढे कोल्हापूरच्या शिलाहारांचे शिलालेख संपादित केले, हा योगायोग लक्षणीय आहे.

परंतु सर्वच नियम असे निरुपद्रवी नसतात. ‘सुध्युपास्य’ या रूपात धकाराचे द्वित्व सांगणारा नियम पुनःपुन्हा लावला, तर दर वेळी एक व्यंजन वाढेल आणि प्रक्रिया संपणारच नाही. तेथे पावसाचा दृष्टान्त उपयोगी पडत नाही. एका लक्ष्यावर एक नियम एकदाच प्रवृत्त होतो, हे तत्त्व स्वीकारावे लागते.

समारोप

पुनरावृत्ती निरुपद्रवी असेल तर ती होऊ द्यावी, नसेल तर तिला प्रतिबंध करावा, हा भेद वैयाकरणांनी व संगणकतज्ज्ञांनी आपापल्या गरजेतून केला. यावरून आयडेम्पोटन्सचा शोध भारतात लागला होता, असा निष्कर्ष काढणे मात्र अनैतिहासिक ठरेल. वैयाकरणांना लाघव साधावयाचे होते. बूल यांना तर्काचे बीजगणित रचावयाचे होते. उसने श्रेय न घेताही व्याकरणपरंपरेचे महत्त्व टिकते. नियमांनी चालणारी कोणतीही व्यवस्था उभारताना हा प्रश्न टाळता येत नाही, हे तिने फार पूर्वी ओळखले होते. संस्कृत व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र बसून विचार करण्यास एवढा आधार पुरेसा आहे.