पूर्वजांची छायाचित्रे आणि कुटुंबाचा इतिहास : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :

साधनांशिवाय इतिहास नाही, हे सूत्र महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाने प्रारंभापासून स्वीकारले आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या परंपरेतील संशोधकांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून सनदा, महजर, पत्रे व हिशेबाचे कागद प्रकाशात आणले. मात्र त्याच घरांच्या भिंतींवर टांगलेली व ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेली छायाचित्रे बराच काळ स्मरणापुरतीच मर्यादित राहिली. श्राद्धाच्या दिवशी हार घालण्यापलीकडे त्यांचा उपयोग झाला नाही.

कुटुंबाचा इतिहास लिहिताना आजही वंशावळ हाच मुख्य आधार मानला जातो. बहुतेक कुलवृत्तान्त पुरुषपरंपरेने सिद्ध झालेले आहेत. त्यात मुलगा पिढी पुढे नेतो, मुलगी विवाहानंतर दृष्टीआड होते आणि सुनेचा उल्लेख अनेकदा एका शब्दात आटोपतो. छायाचित्रात मात्र या साऱ्या व्यक्ती समोर असतात. म्हणूनच वंशावळीने वगळलेल्यांचा पुरावा छायाचित्र देऊ शकते काय, आणि देत असल्यास तो कोणत्या अटींवर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पश्चिम भारतातील छायाचित्रणाच्या आरंभीच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२) कौटुंबिक छायाचित्राचा काळ व आशय ठरविण्याच्या कसोट्या मांडणे.
३) नावाची नोंद असलेल्या व नसलेल्या छायाचित्रांचे ऐतिहासिक मूल्य तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

डॅगेरोटाइप ही छायाचित्रणाची पद्धती १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. पुढे दीड दशकातच, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिचंद चिंतामण हे या कलेत नाव मिळविलेले आरंभीचे एतद्देशीय छायाचित्रकार होत. १८५१ मध्ये आलेल्या कोलोडियन पद्धतीमुळे एका काचेवरून अनेक प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दिस्देरी याने 'कार्त द व्हिझिट' या छोट्या आकाराच्या छायाचित्राचे एकस्व घेतले. त्यामुळे खर्च उतरला आणि संस्थानिक व धनिक यांच्याबरोबरच वकील, कारकून व शिक्षक अशा नव्या मध्यमवर्गालाही स्टुडिओची पायरी चढता आली. ज्यांच्या चित्रपटकार्याचा आरंभ १८९९ मधील कुस्तीच्या चित्रीकरणाने झाला, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे छायाचित्रकारच होते. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता.

याच काळात कॅमेऱ्याचा दुसराही एक उपयोग सुरू होता. वॉटसन व के यांनी संपादित केलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात हिंदुस्थानातील माणसे प्रामुख्याने जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. चेहरा स्पष्ट, पोशाख स्पष्ट, परंतु बहुसंख्य व्यक्तींचे नाव नाही. स्वतःहून स्टुडिओत जाऊन काढवून घेतलेले कौटुंबिक छायाचित्र आणि सरकारी वर्गीकरणासाठी वापरलेले छायाचित्र यांतील भेद तंत्रात नसून, त्यातील व्यक्ती कोण हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे यात आहे.

छायाचित्राची साधनचिकित्सा :

कागदपत्राची जशी बहिरंग व अंतरंग परीक्षा केली जाते, तशीच छायाचित्राचीही करावी लागते. बहिरंग परीक्षेत कागद, आकार व पुठ्ठा यांचा विचार येतो. पातळ, पिवळसर-तपकिरी झालेला व जाड पुठ्ठ्यावर डकवलेला कागद बहुधा अल्ब्युमेन पद्धतीचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असतो. गडद भागावर चंदेरी झाक आलेले छायाचित्र सामान्यतः नंतरच्या जिलेटिन कागदावरील असते. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचा पुठ्ठा 'कार्त'चा, तर सुमारे ११ बाय १६.५ सेंटिमीटरचा पुठ्ठा १८६६ च्या सुमारास आलेल्या 'कॅबिनेट' आकाराचा होय. पुठ्ठ्यावरील स्टुडिओचे नाव व पत्ता जुन्या व्यापारी निर्देशिकांशी ताडून पाहिल्यास काळ अधिक नेमका करता येतो.

तथापि कागदाचा काळ म्हणजे चित्रातील प्रसंगाचा काळ नव्हे. घरातील कर्ता पुरुष निवर्तल्यावर जुन्या समूहचित्रातून केवळ त्याचा चेहरा वेगळा काढून तो मोठा करण्याची व त्यावर हाताने रंग भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. अशा वेळी भिंतीवरील तसबीर मृत्यूनंतरची, तर चेहरा त्याआधी कित्येक वर्षांपूर्वीचा असतो. शिवाय त्या चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूस कोण होते, ही माहिती कात्रीखाली गेलेली असते.

अंतरंग परीक्षेत वेशभूषा, मांडणी व पार्श्वभूमी यांचा विचार करावा लागतो. अंगरखा, उपरणे व पगडी यांकडून कोट व टोपीकडे झालेला बदल एका घराच्या दोन पिढ्यांत दिसू शकतो. गांधी टोपी दिसल्यास चित्र १९२० च्या आसपासचे वा त्यानंतरचे मानण्यास हरकत नाही. मात्र मागील पडद्यावरील खांब, जिने व बगीचे, तसेच क्वचित अंगावरील कोटसुद्धा, स्टुडिओचे असत. त्यांवरून घराच्या सुबत्तेचा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. खुर्चीवर कोण बसले, मागे कोण उभे राहिले आणि मूल कोणाच्या मांडीवर आहे, या मांडणीतून मानपान व नाती यांचा अंदाज येतो. परंतु तो अन्य साधनांनी पडताळावा लागतो.

तंत्राच्या मर्यादा लक्षात न घेतल्यास अर्थाचा अनर्थ होतो. आरंभीच्या काचा निळ्या रंगाला अधिक व तांबड्या रंगाला अत्यल्प प्रतिसाद देत. त्यामुळे लाल वस्तू काळी आणि निळी वस्तू फिकट उमटे. कपाळावरचे लालभडक कुंकू चित्रात काळे दिसते, तसेच विधवेचे तांबडे आलवणही काळे दिसते. म्हणजे 'काळे लुगडे नेसलेली आजी' या वर्णनामागे प्रत्यक्षात वैधव्याची करुण कहाणी असू शकते. डॅगेरोटाइप व फेरोटाइप या पद्धतींत प्रतिमा आरशाप्रमाणे उलट येई. एरवी डाव्या नाकपुडीतील नथ अशा चित्रात उजवीकडे दिसल्यास त्यावरून वेगळ्या प्रथेचा तर्क लढविण्याचे कारण नाही.

दोन उदाहरणे :

नावाच्या नोंदीमुळे छायाचित्राचे मूल्य कसे पालटते, हे दोन सुपरिचित छायाचित्रांवरून स्पष्ट होईल. पहिले छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनींचे आहे. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशांच्या वेशात त्यात दिसतात. खाली नावे असल्यामुळेच तिघींची ओळख टिकली. परंतु त्या नावालाही मर्यादा आहे. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना होते व त्या कल्याणच्या होत्या. ही माहिती चरित्रातून मिळते, चित्रातून मिळत नाही. विवाहात नाव बदलण्याच्या प्रथेमुळे माहेरच्या व सासरच्या पेटीतील दोन छायाचित्रे एकाच स्त्रीची असूनही दोन निरनिराळ्या व्यक्तींची समजली जाण्याची शक्यता असते.

दुसरे छायाचित्र फेब्रुवारी १९३४ मधील दादरच्या राजगृहातील आहे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पत्नी रमाबाई, पुत्र यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई व पुतण्या मुकुंद हे एकत्र आहेत. रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले, म्हणजे हे चित्र त्यांच्या अखेरच्या काळातील आहे. राजकीय इतिहासात एकटे दिसणारे बाबासाहेब येथे भावजय व पुतण्यासह असलेल्या कुटुंबाचे कर्ते म्हणून दिसतात. महिना, स्थळ व नावे यांची नोंद नसती तर हा अर्थ लावता आला नसता.

या उदाहरणाला आणखी एक बाजू आहे. दलित, भटके, शेतमजूर अशा असंख्य कुटुंबांत त्या काळातील एकही छायाचित्र नाही. अनेक घरांत पहिला फोटो शाळेच्या वा नोकरीच्या कागदावरचा, तर कित्येकांच्या बाबतीत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मतदार ओळखपत्रावरचा असू शकतो. छायाचित्र नसणे हाही सामाजिक स्थितीचा पुरावाच होय. छायाचित्रांवर विसंबून लिहिलेला कुटुंबेतिहास केवळ छायाचित्र परवडणाऱ्यांचा इतिहास ठरू नये, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

पूरक साधने व जतन :

छायाचित्राची साक्ष एकटी पुरेशी नसते. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार व सातबाऱ्याचे उतारे, तसेच त्र्यंबकेश्वर-नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. त्याहून निकडीचे साधन म्हणजे घरातील वृद्ध व्यक्तींची स्मृती. 'ही मागे उभी असलेली कोण?' या प्रश्नाचे उत्तर एखाद्या आत्याकडेच असते आणि तिच्या पश्चात ते कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

जतनाचे उपाय साधे आहेत. नावे, नाते, गाव व सांगणाऱ्याचे नाव मऊ पेन्सिलीने मागील कडेला लिहावे. बॉलपेन वापरू नये. चिकट पानांचे अल्बम व लॅमिनेशन टाळावे. संगणकीय प्रत घेताना मागील बाजूचीही प्रत घ्यावी, कारण शिक्का व हस्ताक्षर तेथेच असते. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने जुन्या छायाचित्रांत रंग भरले जातात. ते रंग यंत्राने केलेला अंदाज असतात, पुरावा नव्हेत; म्हणून मूळ चित्र बदल न करता वेगळे राखणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) कौटुंबिक छायाचित्र हे वंशावळीचे केवळ सुशोभन नसून, वंशावळीने वगळलेल्या स्त्रिया, विधवा, आश्रित व बालके यांच्या अस्तित्वाचा स्वतंत्र पुरावा आहे.
२) कागदाचा काळ, प्रसंगाचा काळ व तंत्राच्या मर्यादा यांचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय छायाचित्रातून अनुमान काढू नये.
३) नाव हरवले की घरातील माणूसही 'एक स्त्री' किंवा 'एक वृद्ध' एवढाच उरतो आणि वसाहतकालीन ग्रंथांतील निनावी नमुन्यांच्या रांगेत जाऊन बसतो.
४) छायाचित्राचा कागद शंभर वर्षे टिकू शकतो, त्यातील माणसांना ओळखणारी पिढी तेवढी टिकत नाही. म्हणून छायाचित्रे जमविण्याआधी नावे जमविणे हे कुटुंबेतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.