रकान्यातला वेडा

सरकारी नोकरीत माणसाला कागदाची सवय होते आणि कागदाला रकान्यांची. नाव, वडिलांचे नाव, धंदा, शेरा. एवढे भरले की एक माणूस आपल्यापुरता पुरा झाला, असे आम्हां नोकरवर्गाला वाटू लागते. अशाच एका रकान्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो सांगण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण त्या रकान्याखाली एकदा माझीही सही पडता पडता राहिली.

नोकरीची पहिली वर्षे होती. रायपूरपासून काही कोसांवरच्या एका तहसिलीत मी होतो. वडील वारल्यावर शेतीवर वारसांची नावे चढविण्याचा एक अर्ज आला. भाऊ तीन होते, पण नावे दोनच. तिसऱ्यापुढे शेरा होता, ‘पागल’. पंचांना विचारले, तर तेही एकमुखाने म्हणाले, की तो ‘बइहा’ आहे. छत्तीसगढीत वेड्याला हाच शब्द. कागद बिनचूक होता. तेवढ्यात तो माणूस बाहेर ओट्यावर बसला आहे असे कळले, म्हणून त्याला आत बोलावले. पुष्कळ वेळ तो बोललाच नाही. मग हलक्या आवाजात त्याने आपल्या शेतांच्या चतुःसीमा एकही चूक न करता सांगितल्या आणि म्हणाला, “दोन वर्षे झाली साहेब, झोप नाही, भूक नाही, जगावेसे वाटत नाही.” तो आजारी होता. त्या आजाराला नाव होते आणि औषधही होते. आणि समजा, तो खरोखरच भ्रमात असता, तरी तेवढ्याने बापाच्या शेतावरचा त्याचा हक्क नाहीसा होत नव्हता. हे कोणी विचारले नव्हते, इतकेच.

हा न विचारण्याचा प्रघात जुना आहे. १८५८ साली, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. रस्त्यावर भटकणारा ‘वेडा’ पोलिसाने पकडावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा, डॉक्टरने दाखला द्यावा आणि हुकुमाने त्याची रवानगी व्हावी, असा तो क्रम. नागपूरचे इस्पितळ १८६४ सालचे. मध्यप्रांतात दुसरे होते ते जबलपुरास. छत्तीसगडात एकही नव्हते. म्हणून इकडच्या माणसाला वेडा ठरताच आपला मुलूखही सोडावा लागे. रायपूरला आगगाडी आली ती १८८०च्या दशकात. त्यापूर्वी असा प्रवास म्हणजे किती दिवसांचा, याची कल्पनाच करावी. पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथेही अशी इस्पितळे झाली आणि आपल्या मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा रूढ झाली. गावाच्या नावाची शिवी व्हावी, यावरून त्या भिंतींचा धाक किती होता ते दिसते.

रोग्याबरोबर एक कागद जाई. त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. तो भरायचा कोणी? बहुधा पोलिसाने किंवा कचेरीतील कारकुनाने. रोग्याला घरचे माणूस नसे, त्याची बोली साहेबाला कळत नसे आणि रकाना तर रिकामा ठेवता येत नसे. मग ‘गांजा’ हा सोपा शब्द लिहिला जाई. इस्पितळाचा डॉक्टर तोच आपल्या वहीत उतरवी, वहीतून तो वार्षिक अहवालात जाई आणि गांजाने हिंदुस्थानात वेड पसरत आहे, अशी वार्ता थेट विलायतेच्या पार्लमेंटात पोहोचे.

१८९३ साली सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्याचे काम भांग-गांजाविषयी होते. परंतु त्याने केलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते. अहवालातील आकड्यांवर न विसंबता त्याने १८९२ साली दाखल झालेल्या रोग्यांची प्रकरणे पुन्हा तपासविली, जेथून ते आले तेथे चौकशी करविली. एकंदर १३४४ रोग्यांपैकी फक्त ९८ जणांच्या बाबतीत अमली पदार्थ हे वेडाचे एक कारण मानता येईल, असे निघाले. म्हणजे शेकडा सात. गांजा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या सेवनाने काहींच्या मनाचा तोल जाण्याचा धोका वाढतो, हे आज मान्य आहे. पण आकडे रोग्यांचे नसून कारकुनाच्या सवयीचे होते, हे त्या चौकशीने उघड केले.

त्याच दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे क्रेपेलिन नावाचा प्राध्यापक निराळ्याच तऱ्हेची कागदपत्रे ठेवीत होता. प्रत्येक रोग्याचे स्वतंत्र पत्रक. आज काय लक्षण आहे, एवढेच त्यात नसे. वर्षभराने काय झाले, पुढे काय झाले, हेही तो नोंदवी. त्या पत्रकांवरून १८९९ साली त्याने दोन मोठे विकार वेगळे केले. एकाला पुढे ब्लॉयलर या स्विस डॉक्टराने जे नाव दिले, त्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. यात मनुष्याला कोणी नसता आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी खात्री वाटते, विचारांचा धागा तुटतो आणि तो हळूहळू माणसांतून उठून जातो. एका देहात दोन माणसे असणे म्हणजे हा रोग, हा समज चुकीचा आहे. दुसरा विकार चढउतारांचा. काही दिवस झोप नको, थकवा नाही, बोलण्याला खळ नाही, पैसा पाण्यासारखा. मग त्याच माणसाला उठून तोंड धुणेही डोंगराएवढे. मधल्या काळात तो तुमच्याआमच्यासारखाच असतो.

अर्थात वर्गीकरण ही काही केवळ पश्चिमेची देणगी नाही. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आणि अपस्माराचे प्रकरण स्वतंत्र लिहिले, म्हणजे फेफरे हे वेड नव्हे, एवढा विवेक आपल्याकडे जुनाच होता. आज प्रकार पुष्कळ आहेत. परंतु घरच्या माणसाला चार-पाच ओळखता आले तरी पुरे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच गोडी नसणे, झोप-भूक जाणे, स्वतःला दोष देणे आणि मरणाचे विचार, हे नैराश्य. कारणावाचून धडधड, घाम, सतत काहीतरी वाईट होणार ही भीती, हा चिंतेचा विकार. दहादा हात धुऊनही समाधान न होणे, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणे, आपण करतो ते व्यर्थ आहे हे कळूनही न थांबता येणे, याला आपल्या भाषेत मंत्रचळ हा नेमका शब्द आहे. म्हातारपणी कालचे विसरणे, घरची वाट चुकणे, हा स्मृतिभ्रंश; त्याला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. जन्मतः बुद्धीची वाढ कमी असणे ही निराळी गोष्ट. कायदाही तिला मानसिक आजार समजत नाही.

नाव बरोबर पडले की औषधाची वाट मोकळी होते. सर्पगंधा ही आपल्या रानातली मुळी. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस या दोघांनी वेडावर व रक्तदाबावर तिचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. वकिलांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. १९५२ साली तिचे सत्त्व स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढले गेले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा गुण दिसला. सर्पगंधेची जागा पुढे इतर औषधांनी घेतली. परंतु साखळदंडावाचूनही रोगी शांत होऊ शकतो, हे त्या काळात जगाला पटले.

कायद्याला मात्र वेळ लागला. १९१२ सालचा कायदा पुष्कळ वर्षे चालला. १९८७ च्या कायद्याने ‘वेडा’ हा शब्द काढून ‘मानसिक रुग्ण’ म्हटले. आणि २०१७ च्या कायद्याने स्पष्ट सांगितले, की कोणाची गरिबी, जात, धर्म किंवा चालीरीतींपेक्षा वेगळे वागणे यांवरून त्याला मानसिक रोगी ठरविता येणार नाही. आज बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून कोणालाही सल्ला मागता येतो. तरीही छत्तीसगडासह बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना मनाचा आजार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते.

त्या अर्जावर मी तिसरे नाव चढविले आणि त्याला रायपूरला डॉक्टरकडे पाठविले. काही महिन्यांनी तो पुन्हा ओट्यावर दिसला. यावेळी बोलावण्याची वाट न पाहता आत आला, आणि धान कसे आले ते सांगून गेला. त्या दिवसापासून शेऱ्याचा रकाना भरलेला दिसला, की ज्याच्याविषयी तो आहे त्याला मी आधी बसावयास सांगतो.