गावच्या विहिरीत टीसीएल का आणि किती टाकतात?

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, अर्थात ब्लीचिंग पावडर. खेड्यातले पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पण पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन लागले की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर पडलेले पोते म्हणजे बहुतेक वेळा नुसता चुनाच!

मात्रा पाण्याच्या साठ्यावर ठरते. साधारण स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते, गढूळ पाण्याला जास्त लागते. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल, तर पाणी सुमारे ६३ हजार लिटर, म्हणजे पावडर साधारण १५७ ग्रॅम. पावसाळ्यात तीच खोली ८ मीटर झाली की २५० ग्रॅम लागते. रोज ठरलेली एक वाटी टाकण्याची सवय इथेच फसते, आणि तीही नेमकी गॅस्ट्रो, कावीळ पसरण्याच्या दिवसांत.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग पाणी वाढवून ढवळावे. पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि वर-खाली हलवावी. गाळ विहिरीत टाकला तर पाणी जड होते. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये.

पाण्यात क्लोरीन उरला की नाही, हे ओटी चाचणीने कळते. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळयोजनेत शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाला पाहिजे. म्हणून नमुना टाकीखाली नव्हे, वस्तीच्या टोकाला घ्यावा.

महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी होते. जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड आणि एकही साथ नसेल, तर चंदेरी.

टीसीएलने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात किंवा फ्लोराइड असलेल्या बोअरवेलच्या गावांत वेगळा स्रोतच शोधावा लागतो.