दातांवर आलेला भार

माझं पहिलं डायव्हिंग मालवणला झालं, वयाच्या ५२व्या वर्षी. वर आल्यावर सोबतचे लोक माशांबद्दल बोलत होते आणि मी कानापुढचा सांधा चोळत बसले होते. पंचवीस वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या दंतवैद्य बाईला स्वतःचा ‘आ’ करवेना! भाड्याचा माउथपीस उलटून पाहिला. चावून धरायच्या दोन्ही रबरी पट्ट्या आधीच्या पाहुण्यांनी कुरतडलेल्या होत्या आणि डावीकडची तर अर्धी गायबच होती. होडीवरचा पोरगा म्हणाला, “म्याडम, दातान आवळू नकात, ओठान धरा.” सल्ला अगदी बरोबर होता, पण खाली गेल्यावर घाबरलेल्या माणसाचे दात कोणाचं ऐकतात?

घरी येऊन या वस्तूचा इतिहास धुंडाळला. सुरुवात समुद्रात नाही, खाणीत झाली. बन्वा रुकेरॉल हा फ्रेंच खाण अभियंता. विषारी हवेत अडकलेल्या कामगारांसाठी त्याने श्वासाच्या मागणीप्रमाणे हवा सोडणारी झडप बनवली आणि १८६०मध्ये तिचं पेटंट घेतलं. नौदल अधिकारी ओग्युस्त दनेरूझच्या साथीने १८६४मध्ये तीच झडप पाण्यात उतरली. त्यांच्या तोंडच्या भागात रबराचं एक पान ओठ आणि हिरड्यांच्या मधे बसे आणि आतली दोन टोकं दातांत धरायची. बाहेरचं पाणी ओठ दाबून धरी, त्यामुळे फट राहत नसे. आजच्या माउथपीसची रचना जवळपास तीच आहे. पाणबुड्यांच्या डोळ्यांसाठी पुढे तांब्याचा मुखवटा आला. त्याला ‘ग्रुआँ’, म्हणजे डुकराचं नाक, असं नाव पडलं. ज्यूल व्हर्नने १८७०च्या कादंबरीत हे यंत्र कॅप्टन नेमोला दिलं. हा नेमो पुढे बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. आपल्याकडच्या या माणसाचा जबडा दुखल्याचं मात्र व्हर्नने कुठे लिहिलेलं नाही.

१९४३ साली फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यांने जी झडप जुळवली होती, तिच्यावरूनच नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वासाच्या मागणीप्रमाणे हवा सोडणारा रेग्युलेटर घडवला. पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत झाली. कुस्तो आडवा असेपर्यंत ठीक चाललं. उभा राहिला की हवा भसाभस वाया जाई आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढेना. उच्छ्वासाचं तोंड हवा सोडणाऱ्या पडद्यापेक्षा वरखाली झालं की पाण्याचा दाब बदलत होता. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर गाडं रुळावर आलं.

त्या रेग्युलेटरचं सगळं वजन पाठीवर असे. तोंडाकडे दोन सुरकुतलेल्या रबरी नळ्या येत आणि त्यांच्या मधोमध माउथपीस. नळ्यांत हवा असल्याने त्या वर तरंगू पाहत आणि मान वळवली की तोंडाला हिसका बसे. माउथपीस सुटून रेग्युलेटरच्या वर गेला की त्यातून हवा उसळत राही. म्हणून काही जण तो पट्ट्याने मानेमागे बांधत. हा त्रास होताच, पण दातांना वजन पेलावं लागत नव्हतं.

१९५२च्या सुमारास मेलबर्नमध्ये टेड एल्ड्रेडने एकाच नळीचा ‘पॉरपॉइज’ आणला. दाब कमी करण्याचं अर्धं काम टाकीवर ठेवलं आणि उरलेलं अर्धं थेट तोंडासमोर. श्वास सोपा झाला, बुडबुडे कानामागून न जाता हनुवटीखालून निघू लागले. ही रचना आज जगभर आहे आणि मला ती आवडते. पण पाठीवरचा भार दातांवर आला तो इथेच. तोंडासमोरच्या या भागाचे सुरुवातीचे डबे धातूचे होते, प्लॅस्टिकचे पुढे आले. नैसर्गिक रबराची जागा सिलिकॉनने घेतली, तोंडातला टायरचा वास गेला. पट्टीची लांबी मात्र तोकडीच राहिली.

दुखण्याचं मूळ तिथेच आहे. ही पट्टी सुळे आणि त्यांच्या शेजारच्या दातांपर्यंतच पोचते, मागच्या दाढा अधांतरी राहतात. खालचा जबडा किंचित पुढे ओढलेला, चावण्याचा स्नायू अर्धा-पाऊण तास ताठ आणि सगळा ताण कानापुढच्या सांध्यावर. कवळीचं माप घेताना असं काम एखाद्या विद्यार्थ्याने केलं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं.

यावरचा उपाय आमच्याच धंद्यातला निघाला. माप घेताना आम्ही मेणाची पट्टी गरम पाण्यात मऊ करून चावायला देतो. डायव्हिंगचे काही माउथपीसही तसेच असतात आणि त्यांच्या पट्ट्या दाढांपर्यंत जातात. तसला एक मागवला. भाताच्या टोपात पाणी उकळलं, माउथपीस बुडवला, झटकला आणि ओट्याशी उभ्याउभ्या चावला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, जेवायला वेळ आहे अजून.” मला उत्तर देता येईना. गार झाल्यावर जुना माउथपीस धरणारी प्लॅस्टिकची पट्टी कापली, नवा बसवला, नवी पट्टी आवळली आणि तिचं टोकदार शेपूट ओठाला लागू नये म्हणून बाजूला फिरवून छाटलं.

उजेडात धरून पाहिलं. प्रत्येक दाढेचा ठसा स्वच्छ उमटला होता. खाली डावीकडे एक जागा गुळगुळीत होती. ती दाढ मी कॉलेजात असतानाच काढून टाकलीय.