चिखलातला लॉग

ऑफिसात एखादी सिस्टीम झोपली की पहिला प्रश्न येतो, हे कधीपासून होतंय? मग आम्ही लॉग उघडतो. लॉगच नसेल तर नुसती भांडणं. एक म्हणतो कालच्या बदलामुळे झालं, दुसरा म्हणतो, छे, हे आधीपासूनच असं आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीचं असंच झालं होतं. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तिथले जीव गुदमरतात. दोष कुणाचा? खतांचा, सांडपाण्याचा, की खाडीच तशी? अख्ख्या खाडीची नियमित मोजणी सुरू झाली १९८४मध्ये. म्हणजे बिघाड झाल्यावर!

पण जुना लॉग होता, तळाच्या गाळात. शेरी कूपर आणि ग्रेस ब्रश यांनी गाळाचे उभे नमुने काढले आणि १९९१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जवळपास २५०० वर्षांचा हिशेब मांडला.

त्यात वाचायचं काय, तर डायटम. ही एकपेशीय शेवाळं काचेसारख्या सिलिकाच्या डबीत राहतात. जीव मरतो, डबी तळाशी साचते. गाळ आम्लात धुतला की सूक्ष्मदर्शकाखाली डब्यांवरची नक्षी दिसते आणि जात ओळखता येते. लांबट जाती बहुतेक तळाला राहणाऱ्या, त्यांना तिथवर ऊन लागतं. गोल जाती बहुतेक वर तरंगणाऱ्या. पाणी गढूळ झालं, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढला, की गोल जाती माजतात आणि लांबट मागे पडतात.

आणि टाइमस्टँप? तो मला सगळ्यात भारी वाटला. खोल थरांना कार्बन-१४, आणि वरच्यांना रॅगवीडचे परागकण! हे आपल्या गाजरगवताचं भाऊबंद. युरोपीय वसाहतवाल्यांनी अठराव्या शतकात जंगल तोडून शेतं केली, तिथे हे तण फोफावलं. परागकण अचानक वाढलेले दिसले की समजायचं, कुऱ्हाड चालली ती हीच वेळ.

त्या खुणेच्या वर गाळ भराभर साचलेला, डायटमच्या जाती कमी झालेल्या, गोलांचं प्रमाण वाढलेलं. म्हणजे बिघाड कारखान्यांच्याही आधी, नांगरापासून सुरू झाला होता. खतं आणि सांडपाण्याने तो वाढवला.

‘आधीपासूनच असं’ म्हणणारा अगदीच खोटा नव्हता बरं का. नद्यांचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे तळाला हवा कमीच पोचते. शिवाय गाळातले किडे थर ढवळतात, पातळ डब्या विरघळतात, त्यामुळे एकेका वर्षाची नोंद मिळत नाही. शतकांचा कल मात्र स्पष्ट दिसतो.