एका मिलिमीटरची फौज

इतिहासाच्या पुस्तकांतले मोठाले आकडे वाचता वाचता डोळ्यांखालून निघून जातात. लाखो माणसे मेली असे वाचून आपण शांतपणे पान उलटतो. ते आकडे डोळ्यांना दिसावेत म्हणून शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने आपले उतारवय वेचले.

मिनारचा जन्म १७८१ सालचा, दिजाँ गावचा. रस्ते, पूल, कालवे यांच्या कामात त्याची उमेद गेली. १८५१ मध्ये निवृत्त झाल्यावर तो नकाशांच्या पुरता नादी लागला. कोणत्या देशातून किती कापूस येतो, पॅरिसला मांस कोठून पुरवले जाते, हे तो जाड-बारीक पट्ट्यांनी दाखवी. पुढे १८६९ च्या नोव्हेंबरात, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याने त्याच रीतीने नेपोलियनची १८१२ ची रशियावरील स्वारी रेखाटली. त्यासाठी त्याने इतिहासग्रंथ चाळलेच, शिवाय फौजेतल्या एका औषधनिर्मात्याची अप्रकाशित रोजनिशीही पाहिली.

हिशेब साधा होता: दहा हजार माणसे म्हणजे एक मिलिमीटर रुंदी. नेमान नदी ओलांडताना फौज ४,२२,०००. म्हणजे पट्टा बेचाळीस मिलिमीटरांचा. मॉस्कोला पोचेतो तो दहावर येतो. परतीचा पट्टा काळा आहे. त्याच्याखाली थंडीचा आलेख आहे आणि ठिकठिकाणच्या थंडीची रेघ वरच्या पट्ट्याला जोडलेली आहे. बेरेझिना नदीपाशी ५०,००० चे २८,००० होतात. ६ डिसेंबरला पारा रेओम्यूर मापाने उणे ३० वर उतरतो. पुन्हा नेमानच्या काठी उरतात १०,०००. अवघा एक मिलिमीटर!

रशियाच्या हिवाळ्याने नेपोलियनला हरवले, असे आपण शाळेत शिकतो. पण नकाशा नीट पाहावा. काही तुकड्या वाटेत बाजूला वळल्या, हे खरे. त्यांचे फाटेही मिनारने दाखवले आहेत. तरीदेखील बर्फ पडण्याआधीच मुख्य फौजेचा चौथा हिस्सादेखील उरला नव्हता. उन्हाळा, उपासमार, रोगराई आणि लढाया यांनी आपले काम आधीच उरकले होते. थंडीने शेवटचा घाव घातला, इतकेच.

नकाशाच्या शीर्षकात नेपोलियनचे नाव नाही; फ्रेंच सैन्याने गमावलेल्या माणसांचा उल्लेख तेवढा आहे.

वर्षभरातच, १८७० मध्ये, फ्रान्स पुन्हा युद्धात उतरला. प्रशियाचे सैन्य पॅरिसवर चालून येताच म्हातारा मिनार बोर्दो शहरी निघून गेला, आणि त्याच ऑक्टोबरात तेथे वारला. त्याची ती एक मिलिमीटरची काळी रेघ मात्र अजून कागदावर आहे. पट्टीने मोजावी आणि तिला दहा हजारांनी गुणावे.